गोदामाच्या दारातले काका

माझ्या मावशीचे यजमान कापड रंगवण्याच्या कारखान्यात रसायनांचं गोदाम सांभाळायचे. माझे बाबा त्याच कारखान्यात रंगाच्या हौदावर होते. दोघं साडू एकाच छपराखाली, एक मागणारा आणि एक देणारा. काकांनीच शब्द टाकून बाबांना तिथं चिकटवलं होतं. तो शब्द त्यांनी टाकला नसता तर बरं झालं असतं, असं आई आजही म्हणते.

काका अंगानं काटकुळे, पण चालणं ताठ. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाबांनी त्यांचं नाव ‘कुलूप’ ठेवलं होतं आणि ते कारखानाभर झालं होतं. “आमच्या साडूसाहेबांना शिंक आली तरी आधी किल्ली शोधतात,” असं बाबा सांगायचे आणि मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. काका हसायचे नाहीत. पण रागवायचेही नाहीत. घरात बाबांना सगळं माफ होतं.

एकदा सुट्टीच्या दिवशी आवारात मोठ्या वाहनाची खेप उतरवून घ्यायची होती, तेव्हा काका मला सोबत घेऊन गेले होते. त्यांचं गोदाम मी तेव्हा पाहिलं. बसके दरवाजे, उंच जोतं, आत वेगवेगळ्या खोल्या. आम्लाचे कॅन अगदी खाली, उंच काठाच्या ट्रेमध्ये, म्हणजे एखादा गळला तरी बाहेर वाहू नये. कापड पांढरं करायचं पेरॉक्साइड दुसऱ्या टोकाला, सावलीत, एकटं. कॉस्टिक सोड्याच्या पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात नाव. आणि सगळ्यात कोरड्या खोलीत, घट्ट झाकणाच्या पिंपांत, हायड्रो.

हायड्रो म्हणजे पांढरी पूड. निळा रंग कापडात मुरवायला ती लागतेच. कोरडी असते तोवर गरीब गाय. थोडं पाणी लागलं की मात्र आतल्या आत तापायला लागते, आगकाडी ओढल्यासारखा उग्र वास सोडते आणि मग पेट घेते. तो धूर छातीत गेला तर माणूस आतून भाजतो. काकांनी मला हे शाळेतल्या गुरुजींसारखं समजावलं. “पाणी भरपूर ओतता येत असेल तरच ओतायचं. नाहीतर कोरडी वाळू. तांब्याभर पाणी ओतणं म्हणजे चुलीत फुंकर घालणं.”

या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. घरी फिनेलची बाटली गोड्या तेलाच्या फळीवर दिसली तर मावशीची धडगत नसे. फरशी घासायचं ॲसिड तिनं एकदा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं, तेव्हा त्यांनी अबोला धरला तो तिनं रडून माफी मागेपर्यंत. त्याला कारण होतं. तरुणपणी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथं त्यांच्या शेजारी काम करणाऱ्यानं अशीच एक बाटली तहानेच्या भरात तोंडाला लावली होती. पुढचं काका कधी सांगत नसत. फक्त एवढंच म्हणायचे, “ओरडायलासुद्धा घसा उरला नव्हता त्याचा.”

म्हणजे नियम त्यांचे सगळे बरोबर होते. गोची होती ती जिभेची. गोदामाच्या दारात आले की काका वेगळेच व्हायचे. कोण, कशाला, किती, झाकण आणलंय का, हात पुसलेत का, मघाशी दिलेलं संपलं कसं? एखाद्यानं उत्तराला उशीर केला तर त्याची चारचौघांत बिनपाण्यानं व्हायची. आणि गोदाम आवाराच्या पार टोकाला. हौदावर रंग हातातून निसटायला लागला की हायड्रो लगेच पडावी लागते, नाहीतर कापडाचा अख्खा ताका डागाळतो आणि रंगकामाचा प्रमुख, डाइंग मास्तर, हौदावरच्या माणसाचा जीव खातो. एकीकडे मास्तर, दुसरीकडे कुलूप, मध्ये हौदावरची माणसं.

त्या दिवशी बाबांचा रंग बिघडत होता. ते धावतच गोदामाशी गेले. हातातलं माप ओलं होतं, कोपरापासून निळं पाणी गळत होतं. दारात चार-पाच जण उभे होते. काकांनी ते माप बघितलं आणि बाबांच्या हातावर असा फटका मारला की ते खणखणत जोत्याखाली गेलं.

“ओलं माप घेऊन हायड्रोच्या दारात? अक्कल गहाण टाकलीस का?”

“अहो, रंग चाललाय तिकडं. पुसतो की…”

“घरी असशील साडू. इथं तू कोणी नाहीस. माझ्या मेहेरबानीनं लागलास नि मलाच जाळायला निघालास? हो मागे. सगळ्यांचं झालं की ये.”

बाबांनी माप उचललं, शर्टाला पुसलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ते हौदावर परत गेले तोवर ताका वाया गेला होता. घरी त्यांनी हे सांगितलं नाही. कारखान्यात कापडाच्या घड्या घालणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. त्या आमच्या शेजारीच राहायच्या. त्यांनी आईला सांगितलं. आईनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “चूक माझीच होती. माप ओलंच होतं.” आणि जेवण अर्धवट टाकून उठले. त्यानंतर बाबांनी कुलपाचा विनोद केला नाही.

पुढे त्यांनी काय केलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. सकाळी एकदाच गोदामाशी जायचं, लागेल त्याहून जास्त हायड्रो मागून घ्यायची, आणि उरलेली कपडे बदलायच्या खोलीत, जिन्याखालच्या सांदीत, रंगाच्या एका जुन्या बादलीत ठेवायची. रंग निसटला की चार पावलांवर हायड्रो हजर. ना रांग, ना बोलणी. बादलीला झाकण होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या बादलीचं, एका बाजूला उचललेलं. बाबांचं बघून इतरांनी सुरू केलं, की इतरांचं बघून बाबांनी, कोण जाणे. आक्का म्हणायच्या की कुलपाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

काका मात्र खूश होते. ते आमच्याकडे जेवायला आले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. “आता लागली बघ शिस्त,” ते आईला सांगत होते. “दारात गर्दी नाही, वाद नाही. सकाळी येतात, मुकाट्यानं घेऊन जातात. वळण लावलं की माणूस वळतो.”

बाबा ताटाकडे बघत होते. “हो ना,” म्हणाले.

काकांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट केली होती. तोंडावर लावायचे मास्क, ते दोन्ही बाजूंना डबे असलेले, कारखान्यातून गायब व्हायला लागले होते. म्हणून त्यांनी सगळे मास्क मोजून गोदामातल्या कपाटात ठेवले आणि कपाटालाही कुलूप लावलं. मॅनेजरनं त्यांची पाठ थोपटली.

दुर्घटना दुपारची. कपडे बदलायच्या खोलीतून वाफेची एक नळी जायची. तिच्या सांध्यातून पाणी ठिबकायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या दिवशी ते जिन्याच्या कडेनं वाहत वाहत बादलीच्या उचललेल्या झाकणात शिरलं. आक्का तेव्हा आत साडी बदलत होत्या, दार आतून लावून. त्या सांगतात, आधी आगकाडीचा वास आला. वाटलं, कोणी चोरून विडी ओढतंय. मग डोळे झोंबायला लागले आणि जिन्याखालून पांढरा धूर निघताना दिसला. त्या खोकत कडी शोधायला लागल्या, पण डोळे उघडेनात.

बाबांना बाहेर वास आला. त्यांना एका क्षणात कळलं असणार, ती बादली त्यांचीच होती. त्यांनी खांद्यानं दार मोडलं, आक्कांना दंडाला धरून बाहेर ढकललं आणि परत आत गेले. आत का गेले, हे मी त्यांना नंतर विचारलं होतं. “सगळ्यांच्या वस्तू होत्या तिथं कपाटांत,” ते म्हणाले. कसल्या वस्तू, ते मला तेव्हा समजलं नाही. त्यांनी नळाखालचा तांब्या भरून बादलीवर ओतला. तो ओतू नये हे त्यांनी काकांकडून हजारदा ऐकलं होतं. पण हाताशी तांब्याच होता. बादली भडकली. तशीच ती कडीला धरून त्यांनी अंगणात ओढत आणली आणि गुडघ्यांवर बसले.

लोक मास्कसाठी गोदामाकडे धावले. गोदामाला कुलूप. काका फाटकाशी खेप उतरवून घेत होते. ते धावत आले, पण जुडग्यातली किल्ली सापडेना. त्यांना, ज्यांना त्या किल्ल्या डोळे मिटून ओळखू येत, त्यांना. शेवटी त्यांनी मास्कचा नाद सोडला, वाळूच्या बादल्या उचलल्या आणि अंगणातली आग स्वतः विझवली. मग वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं की भिंतीला टेकून बसलेला माणूस आपला साडू आहे.

बाबा तेव्हा बोलत होते. खोकत होते, पण बोलत होते. “काही नाही झालं,” म्हणाले, पाणी प्यायले. मॅनेजर म्हणाला, घरी जा, आराम करा. काका एकटे ओरडत होते, “घरी नाही, दवाखान्यात! हा धूर मागाहून मारतो!” त्यांनीच बाबांना वाहनात घातलं. डॉक्टर नंतर म्हणाले की उशीर झाला असता तर हा माणूस घरी बसल्या बसल्या स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडाला असता. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबांचे ओठ काळेनिळे पडले होते.

ते वाचले. पण छाती गेली. आतल्या नळ्यांवर व्रण पडले, ते भरले ते आकसूनच. आमचं घर वरच्या मजल्यावर होतं. बाबा दवाखान्यातून वर आले ते खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून. त्यानंतर ते खाली फारसे उतरले नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र आलं आणि त्याच्या घरघरीत आम्ही अभ्यास, जेवण, झोप सगळं करायला शिकलो.

ते दवाखान्यात असतानाच काकांनी एक गोष्ट केली होती. आक्कांनी ती डोळ्यांनी पाहिली. पाळी बदलताना सगळे आवारात होते तेव्हा काका समोर उभे राहिले. आवाज बसला होता त्यांचा. म्हणाले, “ज्यानं जे लपवून ठेवलंय ते उद्या सकाळपर्यंत गोदामाबाहेरच्या फळीवर आणून ठेवा. मी तिथं नसेन. कोणी ठेवलं ते विचारणार नाही. एवढं करा.”

सकाळी फळी भरून जमिनीवरही ओळ लागली होती. खाऊच्या डब्यांत हायड्रो. पुड्या, पिशव्या. सरबताच्या बाटलीत आम्ल, आणि त्याच बाटलीला दोरीनं बांधलेली पेरॉक्साइडची दुसरी बाटली, म्हणजे कुणीतरी दोन्ही एकाच कपाटात ठेवली होती. एका बाळाच्या दुधाच्या डब्यात कॉस्टिक. एकावरही नाव नाही. काका एकेक उचलून बघत होते, वास न घेता झाकण लावत होते. मग त्या सरबताच्या बाटलीपाशी थांबले आणि तिथंच मातीत बसले. आक्का म्हणाल्या, “मला वाटलं, यांनाही वायू लागला की काय.” गोदामात त्यांनी आयुष्यभर दोन वस्तू शेजारी येऊ दिल्या नव्हत्या. आणि बाहेर, त्यांच्या पाठीमागं, सगळं सगळ्याच्या शेजारी उभं होतं.

चौकशीला सरकारी तपासनीस आले. मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. गोदाम चोख आहे, कुलूपबंद आहे, कामगारानं माल चोरून लपवला. काकांनी मान डोलावली की विषय संपत होता. त्यांची नोकरी आणि नाव दोन्ही शाबूत राहत होतं. आक्का साक्षीदार म्हणून तिथंच बसल्या होत्या.

“चोरी नाही,” काका म्हणाले. “त्यानं मागितलं, मी मोजून दिलं.”

“मग जास्त का मागितलं त्यानं?”

“दुसऱ्यांदा माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून.”

तपासनिसांना कळेना. “म्हणजे गोदाम उघडं ठेवायला हवं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही साहेब. कुलूप हवंच. पण मी माणसांना दारात उभं करून कुत्र्यासारखं वागवलं. त्याला तर सगळ्यांदेखत मारलं. माझा साडू आहे तो. मग लोकांनी आपापली गोदामं केली. आणि मास्क मी कोंडून ठेवले होते. तेही लिहा.”

मॅनेजरनं नंतर त्यांना विचारलं म्हणे, की स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतलास. काका जुडगा उचलून गोदामाकडे वळले. त्यांच्या त्या जबाबामुळे बाबांवरचा चोरीचा डाग मात्र पुसला गेला.

हे सगळं आक्कांनी आईला जसंच्या तसं सांगितलं. आई पीठ मळत होती. ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, “खरं बोलले, चांगलं केलं. त्यानं यांना श्वास येणार आहे का?”

काका आमच्याकडे यायचे, पण वर येत नसत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. मावशी एकटी वर यायची, आणि दोघी बहिणी आत काय बोलायच्या ते भिंतीतूनही ऐकू यायचं.

“तुझ्या नवऱ्यानं माझा नवरा खाल्ला, ताई.”

“तुझ्या नवऱ्यानं बादली लपवली, ती कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुणाच्या भीतीनं ते विचार!”

मग दोघी रडायच्या, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. शेवटी मावशीही यायची थांबली.

एक दिवस बाबांनीच मला खाली पाठवलं. “कुलपाला वर बोलाव.” काका आले, उंबऱ्यापाशी चपला काढून उभे राहिले. यंत्राच्या नळ्या बाबांच्या नाकात होत्या.

“या साडूसाहेब,” बाबा म्हणाले. एकेक शब्द तोडून, मध्ये श्वास घेत. “बसा. इथं रांग नाही.”

काका खाली मान घालून म्हणाले, “मला शिव्या दे. काहीतरी बोल.”

“बोलायला श्वास लागतो. तो तुमच्यावर कशाला उडवू?” बाबांना हसू आलं आणि त्यातून खोकला आला, तो थांबेना. काका पुढं झाले, पाठीवर हात ठेवला. आई आतून आली आणि तिनं तो हात बाजूला केला. काका चपला हातात घेऊनच जिना उतरले.

त्यांना कारखान्यातून काढलं नाही, कारण ते काम येणारं दुसरं कोणी नव्हतं. तपासनिसांच्या हुकमानं हौदाशेजारी एका पाळीपुरती हायड्रो ठेवायला कोरडं लोखंडी कपाट बसलं, मास्क भिंतीवर उघडे टांगले गेले, वाफेची नळी दुरुस्त झाली. पण काकांनी स्वतः आणखी एक केलं. चाकाच्या गाडीवर झाकणबंद डबे घेऊन ते दिवसातून अनेकदा हौदाहौदावर फिरायला लागले. “हायड्रो हवीय का? काही उरलंय का परत द्यायला?” पोरं टवाळी करायची, भाजीवाल्यासारखी हाक मारून दाखवायची. ते ऐकून घ्यायचे. कुणी ओलं माप पुढे केलं तर खिशातलं फडकं काढून स्वतः पुसून द्यायचे. नियम एकही सैल केला नाही त्यांनी. पण आवाज चढवला, असं नंतर कुणी ऐकलं नाही. आक्का म्हणायच्या, “आधीचा कुलूप बरा होता गं. याच्याकडे बघवत नाही.”

बाबा त्यानंतर थोडी वर्षं काढून गेले. शेवटी शेवटी त्यांना आडवं पडता येत नव्हतं, उशीवर पुढे वाकून बसल्या बसल्याच झोपायचे. तसेच गेले. काका खांदा द्यायला आले तेव्हा आईनं अडवलं नाही, आणि बोलावलंही नाही. मावशी मात्र आईच्या शेजारी येऊन बसली आणि आईनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून बहिणी परत बोलायला लागल्या.

काका आता निवृत्त आहेत. कारखान्यानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, त्याला ते गेले नाहीत. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, ऐकू कमी येतं. मी दर सुट्टीला जाते. मावशी चहा ठेवते, मी त्यांच्या गोळ्या लावून देते. ते मला कारखान्याबद्दल काही विचारत नाहीत. निघताना मात्र दारापर्यंत येतात आणि म्हणतात, “आई बरी आहे ना? जिना चढवतो का तिला अजून?”

“चढवतो,” मी सांगते.

घरी आल्यावर आई विचारते, ताई कशी आहे, तिचा दमा कसा आहे, जेवते का नीट. काकांचं नाव ती घेत नाही. मी एकदा न राहवून म्हणाले, “आई, ते तुझी चौकशी करत होते.” ती दाण्यातले खडे निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “मला माहीत आहे ते वाईट माणूस नाहीत. मी कधी म्हटलं का तसं?” आणि सूप उचलून आत गेली.